रंगारखान्याचं हॉटेल

५ जानेवारी

भिंगरे,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतेस, आणि आमच्या घरात एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. पाकिटावर 'मुख्याध्यापिका' आणि खाली 'खाजगी' असं लिही, नाहीतर आमचा कारकून फोडून मोकळा होईल.

बातमी अशी की चिरंजीवांचं लग्न ठरलं. मुलगी त्याच्याच ऑफिसातली. हुशार आहे, आणि तिची आई जरा जास्तच हुशार आहे. या विहीणबाईंनी कुठल्याशा मासिकात आपल्या गावच्या हातमागाबद्दल वाचलं आणि हट्टच धरला, की लग्नाचं कापड दुकानातून घ्यायचं नाही, जिथं विणतात तिथं जाऊन डोळ्यांसमोर विणलेलं घ्यायचं. मी म्हटलं, प्रवास लांबचा आहे, दगदग होईल. त्या म्हणाल्या, तुमचं तर माहेरच तिथलं, मग अडचण कसली?

तर पुढच्या महिन्यात आम्ही सहाजण दोन दिवसांसाठी येतोय. आम्ही तिघं आणि ते तिघं. एखादं चांगलं हॉटेल सुचव. घर असताना हॉटेल कशाला, असं तू म्हणशीलच. अगं, दोन खोल्यांत तुम्ही दोघी कशाबशा मावता, त्यात सहा पाहुणे कुठं झोपवणार? संडास अंगणापलीकडे. मी आपलं व्यवहाराचं बोलतेय, लगेच नाक मुरडू नकोस.

स्वच्छ हवं, गरम पाणी हवं, आपल्या आळीपासून लांब असलेलं बरं. आणि हॉटेलातच एखादा माग बघायला मिळत असेल तर सोन्याहून पिवळं, म्हणजे यांना घेऊन गल्लीबोळांतून हिंडायला नको.

आईला इतक्यात काही बोलू नकोस, ती उगाच तयारीला लागेल. मी तिला अचानक येऊन भेटेन. तिची तब्येत कशी आहे?

ताई


१६ जानेवारी

ताई,

चिरंजीवांचं अभिनंदन. शेवटचा बघितला तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि अंगणापलीकडे जायला रडत होता. तेव्हा संडासाबद्दल तुझं म्हणणं खरं आहे.

तुझ्या पत्रात हॉटेलची चौकशी अर्धं पान आणि आईची शेवटच्या ओळीत. मी मुद्दाम मोजलं नाही, माझ्या डोळ्यांना ती सवयच लागलीय. तुझ्या लक्षात नसेल तर सांगते, मी यंत्रमागाच्या कारखान्यात कापड तपासते. दिवसभर उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत असतं आणि मी खडू घेऊन खोट दाखवत असते. इथे धागा सुटला, इथे गाठ आली, इथे तेलाचा डाग. पंधरा वर्षं हेच करून माझा स्वभाव असा झाला, असं आई म्हणते. मी म्हणते, स्वभाव असा होता म्हणून हे काम मिळालं.

गावात सांगण्याजोगी हॉटेलं तीन. तिन्हींच्या चादरी मी ओळखते, त्यामुळे माझ्याइतकी खात्रीची माहिती तुला दुसरं कुणी देणार नाही.

पहिलं बसस्थानकासमोरचं. ते आमच्याकडून नापास झालेलं कापड उचलतात. माझ्या खडूच्या खुणा दोन धुण्यांतही पुरत्या जात नाहीत. विहीणबाई माझ्या शेऱ्यावर डोकं ठेवून झोपतील.

दुसरं नदीकाठचं. पोहायचा तलाव, काचेची लिफ्ट, चादरी परगावच्या. दिसायला छान, पण गच्चीवरून आपली अख्खी आळी दिसते. त्यात आपला पत्रा आणि पत्र्यावर वाळत टाकलेलं आमचं सगळं खाजगी वैभव. तुलाच हातात छडी घेऊन नकाशा समजावून सांगावा लागेल.

तिसरं रंगारखान्याचं. बाबा सुताच्या लडी रंगवायला न्यायचे तोच रंगारखाना. तो बंद पडला आणि त्याचं आता हॉटेल झालंय. रंगाच्या हौदांत फुलझाडं लावलीत. तिथल्या चादरींचं कापड मी स्वतः पास केलंय, वीण घट्ट आहे. आणि तुझ्या सोयीचं म्हणजे, शिरल्या शिरल्या बैठकीच्या दालनात खराखुरा माग आहे. दहा ते पाच चालू असतो. विणकर बाईही खरी आहे, जन्मभर तेच केलेली. स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मागाला एक पाटी लावलीय, 'हात लावू नये'. मागाला की बाईला, ते लिहिलेलं नाही.

तू रंगारखान्याचंच घे. माझी बिनशर्त शिफारस.

आई बरी आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं राहिलंय. कामाला जाते, माझं ऐकत नाही. तू सांगितलंस म्हणून तिला काही बोलले नाही.

भिंगरी


२७ जानेवारी

भिंगरे,

रंगारखान्याच्या तीन खोल्या घेतल्या. तुझ्या टोमण्यांतून माहिती निवडून काढायला जरा वेळ लागला, पण माहिती कामाची निघाली. मी त्यांचे फोटोही बघितले. मागावर एक बाई पाठमोरी बसलीय आणि तिच्या डोक्याला कसलंसं झालरीचं फडकं बांधलंय. आपल्याकडे असं कधी कोण बांधायचं गं? मला हसूच आलं. विहीणबाईंना मात्र तोच फोटो सगळ्यांत आवडला. त्यांनी तो त्यांच्या सगळ्या बहिणींना दाखवला.

आई कामाला जाते म्हणजे नेमकं कुठं जाते? या वयात कुणाच्या सुताच्या कांड्या भरत बसत असेल तर आधी बंद कर. लोक काय म्हणतील?

आता दोन गोष्टी स्पष्ट लिहिते, म्हणजे नंतर रुसवेफुगवे नकोत. आम्ही तेराला सकाळी पोचू. तू हॉटेलवर येऊ नकोस. विहीणबाई फार चौकस आहेत, एका प्रश्नातून चार काढतात, आणि तुझ्या जिभेला हाड नाही. चौदाला दुपारी हे लोक विश्रांती घेतील तेव्हा चार वाजता मी एकटी घरी येईन. तासभर बसेन. आईला त्या दिवशी घरी थांबवून ठेव, पण का ते सांगू नकोस.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

चौदाला मी अर्धी रजा टाकली होती. तीनला घरी आले, पुढची खोली झाडली, तुझ्यासाठी पाठीला टेकायला उशी ठेवली. चार वाजले, पाच वाजले. साडेपाचला आई कामावरून आली. तिला थांबवून ठेवलं नव्हतं, कारण का थांबायचं ते न सांगता आईला थांबवणं मला आजवर जमलेलं नाही. उशी बघून तिने विचारलं, कुणी येणार होतं का? मी म्हटलं, नाही.

तिने हातपाय धुतले, जेवली, लवकर आडवी झाली. आदल्या दिवशीही तसंच केलं होतं.

सहा दिवस मी तुझ्या फोनची वाट बघितली. आता मीच विचारते. हॉटेल कसं वाटलं? चादरी टोचल्या नाहीत ना? आणि मागावरच्या बाई कशा वाटल्या?

भिंगरी


१ मार्च

भिंगरे,

तू हे मुद्दाम केलंस. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा माझी खात्रीच झाली. चादरीची वीण कळवलीस, पाटीवरचं वाक्य कळवलंस, आणि मागावर कोण बसतं तेवढं तुझ्या लिहिण्यातून राहून गेलं? सख्ख्या बहिणीला खड्ड्यात ढकलायला पंधरा वर्षं खोट शोधायचा अनुभव वापरलास.

आता काय झालं ते ऐक, म्हणजे तुझं समाधान होईल.

आम्ही अकराच्या सुमाराला पोचलो. तुझे भावजी गाडीतून सामान उतरवत होते. आम्ही पाचजण आत शिरलो तशी मॅनेजरने टेबलावरची घंटी वाजवली, आणि घंटी ऐकून माग सुरू झाला. विहीणबाई तडक तिकडे गेल्या. मला बाईची पाठ दिसत होती आणि ते झालरीचं फडकं. तरीही मला कळलं नाही, हे तुला वाचून आनंद होईल. मग ती आडव्या धाग्याचा धोटा घ्यायला उजवीकडे वाकली आणि मी तिचा चेहरा बघितला.

तू म्हणशील, तिथंच 'आई' म्हणून हाक का नाही मारलीस? मारता आली नाही. सोयरीक ठरताना विहीणबाईंनी माहेरची चौकशी केली तेव्हा मी म्हटलं होतं, आमचे स्वतःचे माग होते, आई कारागिरांवर देखरेख करायची. पुढं त्यांनी आईला भेटायची इच्छा दाखवली. तेव्हा मी म्हटलं, आता उपयोग नाही, ती कुणालाच ओळखत नाही. चिरंजीवांनाही मी हेच सांगत आलेय. दरवर्षी तो विचारायचा, आजीकडे कधी जायचं, आणि दरवर्षी नवं कारण कुठून आणू? ठरवून नाही बोलले गं. एकदा बोलून गेले आणि मग ते तसंच राहिलं. एवढी मोठी शाळा चालवते मी. ज्या पालकांच्या सभेत मी उभी राहते, तिथं मला माझ्या हाताला लागलेल्या सुताच्या खळीचा वास अजून येतो, हे तुला कधी कळायचं नाही.

आमच्या सूनबाईंना माग चालवून बघायचा होता. आईने तिला बाजूला बसवून घेतलं. पोरीने धोटा जोरात फेकला आणि ताण्याचा एक उभा धागा तुटला. आई वाकून त्याचं टोक चाचपडत होती. उजव्या बाजूचं तिला दिसत नव्हतं, दोनदा हात भलतीकडेच गेला. आणि माझा हात पुढं झाला. मी काही ठरवलं नाही. टोक उचललं, ओल्या बोटांनी वळलं, एका हाताने गाठ मारली आणि उरलेला धागा दातांनी तोडला. तीस वर्षांत मी मागाला हात लावला नव्हता. सगळे बघतच राहिले. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर देखरेख करणाऱ्यांच्या घरातल्या. हे कुठं शिकलात?"

तेवढ्यात आई म्हणाली, "आत्ता मीच दाखवलं बाईंना. पटकन उचललं त्यांनी."

मान वरसुद्धा केली नाही तिने. लोक हसले, विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. तोवर तुझे भावजी सामान घेऊन दारात आले, आणि मी सगळ्यांना घाईघाईने वर नेलं. पुढचे दोन दिवस मी मागच्या बागेच्या दाराने ये-जा केली. बाग मला फार आवडली असं सगळ्यांना सांगितलं. चौदाला चार वाजता मी खोलीत बसून होते. घरी येऊन कोणत्या तोंडाने बसले असते?

एक बरं झालं, आईने मला ओळखलं नाही. एका डोळ्याने तिला कितीसं दिसतं? आधी जिला गाठ दाखवली होती अशा कुणा पाहुणीत आणि माझ्यात तिची गल्लत झाली असणार. पाहुण्यांचं कौतुक करायला त्यांना तिथं शिकवतही असतील. निदान तिला तरी त्रास झाला नाही. तू तिला काही सांगू नकोस, ही माझी शेवटची विनंती समज.

ताई


९ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तुझी विनंती मोडली.

आई भांडी विसळत होती. मी विचारलं, गेल्या महिन्यात हॉटेलात कुणी ओळखीचं आलं होतं का? ती विसळत राहिली. मी ताईचं पत्र आलंय म्हटलं. तेव्हा तिने पाणी बंद केलं आणि म्हणाली, "ती दारातून 'चला' म्हणाली तेव्हाच ओळखलं. पोरीला ओळखायला डोळे कशाला लागतात?"

तेव्हा तुझी गल्लतीची कल्पना सोडून दे. पहिल्यांदा तिला वाटलं की तू हाक मारशील. तिने धोटा धरून ठेवला होता, म्हणाली, हाक आली की उठायला सोपं जावं म्हणून. हाक आली नाही तेव्हा तिने तो फेकला. नातवाला तिने नीट बघून घेतलं. उंची बाबांची घेतलीय म्हणाली. तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि त्याने तिचे हात चालताना फोनवर टिपून घेतले. तिने मान खाली ठेवली, म्हणजे त्याला नीट घेता यावेत. तू गाठ मारलीस तेव्हा मात्र ती घाबरली. तू आता उघडी पडतेस हे तिला कळलं. म्हणून खोटं बोलली. जन्मात पहिल्यांदाच कापडाच्या बाबतीत खोटं बोलले, असं म्हणाली.

इथपर्यंत लिहिताना मला बरं वाटत होतं. पुढचं लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

तिने विचारलं, "ताई येणार हे तुला माहीत होतं?"

मी होय म्हटलं.

"हॉटेल तिला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, मी.

"मी तिथं बसते हे सांगितलं होतंस?"

मी विसळलेली भांडी फळीवर लावायला लागले. तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तिला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि तुला माहीत होतं." एवढंच बोलली आणि उरलेली भांडी विसळायला लागली.

ताई, मला तुझं नाक कापायचं होतं. वीस वर्षं तू फोन करणार, सूचना देणार, आणि तिला औषधाला मी नेणार. मी मनात चित्रच काढलं होतं. तू दारात गोठून उभी आहेस, विहीणबाई तुझ्याकडे बघतायत, आणि तुला सगळ्यांसमोर 'आई' म्हणावंच लागतंय. म्हणजे आईचाही मान राहील, असं मी स्वतःला सांगत होते. तू म्हणणारच नाहीस, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्याएवढं तुला कुणी ओळखत नाही असा माझा समज होता. रोज हजार हात कापड बघते आणि खोट नेमकी कुठं आहे ते माझं मलाच दिसलं नाही.

आणखी एक. हॉटेलच्या मागावर आता दुसरी बाई बसते. आईने तेराच्या संध्याकाळीच मॅनेजरला सांगून टाकलं की डोळ्यांना झेपत नाही, मला मागच्या खोलीत कांड्या भरायला बसवा. चौदाला ती तिथंच होती. तू बागेच्या दाराने ये-जा करत होतीस ना? त्या दाराशेजारचीच खिडकी ती. तू चार वेळा गेलीस, चार वेळा आलीस. तिने मोजलं.

ते मागावर बसणं तिला आवडायचं. मी नको म्हणायचे, शोभेची बाहुली करून ठेवलंय तुला, डोक्याला काय ते फडकं. ती म्हणायची, फडकं त्यांचं, हात माझे. आता तेही गेलं. तू घालवलंस असं लिहिणार होते, पण ते आपण दोघींनी मिळून घालवलं.

पाच दिवस होत आले, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तुझ्याशी बोलणार की नाही ते मला माहीत नाही. तू तिला पत्र लिही. मला लिहू नकोस.

भिंगरी


१७ मार्च

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

हे मी माझ्या हाताने लिहीत आहे. अक्षर मोठं आहे, कारण बारीक लिहिलेलं मला दिसत नाही. भिंगरीला हे पत्र दाखवलेलं नाही. ती कारखान्यात गेल्यावर बसले आहे.

लग्न ठरलं ते ऐकून बरं वाटलं. सूनबाई चांगली आहे. धोटा उचलण्याआधी तिने मला 'घेऊ का' असं विचारलं. हल्ली विचारत नाहीत. धागा तुटल्यावर तिला फार वाईट वाटलं होतं. तिला सांग, धागे तुटतातच, त्यात तिची काही चूक नाही. मी सांगितलं असं सांगू नकोस, तुझं म्हणून सांग.

भिंगरीवर राग धरू नकोस. ती वाईट नाही, तिला एकटीला फार ओढावं लागलं. मीही तिच्यावर राग धरला होता, आजपासून सोडला. तुझ्यावर धरलेला नाही. तू विहीणबाईंना सांगितलंस ते मला भिंगरीकडून कळलं, मी कुणाला ओळखत नाही ते. तसंच असू दे. आता मध्येच बदललंस तर लग्नघरात बोलाचाली होईल. मी लग्नाला यायचा प्रश्न नाही, तेव्हा तू मनावर ओझं ठेवू नकोस. फोटो मात्र भिंगरीच्या नावाने पाठव, मोठे काढून.

मॅनेजर म्हणत होते की तुम्ही कापड अर्धंच घेतलं आणि विहीणबाई उरलेलं घ्यायला परत येणार आहेत. म्हणून मुद्दाम लिहिते. या वेळी इकडे येऊ नका. इथून दोन तासांवर, घाट उतरल्यावर विणकरांचंच दुसरं गाव आहे. तिथं स्टेशनजवळ दुमजली हॉटेल आहे. आमच्या मॅनेजरचा भाऊ तिथं आहे, त्याच्याकडून मी सगळं विचारून घेतलं. पाणी गरम येतं. खालच्या मजल्यावर खोल्या मिळतात, तशाच घे, कारण विहीणबाईंना जिना चढताना त्रास होतो हे मी बघितलं. मागही तिथं आहे, पण तो वेगळ्या खोलीत, बघायचा असेल तरच जायचं.

तिथलं कापड आपल्यापेक्षा जरा विरळ असतं, पण रंग पक्का असतो आणि लग्नात कुणाला फरक कळणार नाही. तुला कळेल, पण तू बोलू नकोस.

बरं हॉटेल आहे. तिथं तुला ओळखणारं कुणी नाही.

तुझी आई